माळरान कुठे शोधायचं : प्रकल्प नोंदी, जानेवारी २०२५

६ जानेवारी, सोमवार

काम ठरलं एकदाचं. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे, म्हणजे दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदरचा थोडा भाग, इथे गवताळ माळ नक्की कुठे कुठे उरलाय त्याचा बेस मॅप करायचा. आणि असा करायचा की पुढच्या वर्षी दुसरं कोणी बसलं आणि तीच रीत वापरली तर आकड्यांची तुलना करता आली पाहिजे, नाहीतर मॉनिटरिंग कसलं, नुसतं रंगीत चित्र. मॅडमनी आधीच बजावलंय, "लगेच नवीन क्लासिफिकेशन करायला, म्हणजे फोटोवरून जमिनीचे वर्ग पाडायला बसू नकोस, जगात कोणकोणते नकाशे तयार पडलेत ते बघ आणि प्रत्येकाची व्याख्या वाच, नुसते रंग बघू नकोस."

इमेजरीसाठी बजेट शून्य, पण त्याचं टेन्शन नाही. २००८ साली अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा सगळा साठा फुकट झाला, मग युरोपने आपल्या सेंटिनेल उपग्रहांचा डेटा पण तसाच खुला ठेवला, त्यामुळे आता डेटा मिळत नाही अशी तक्रारच करता येत नाही, उलट इतका मिळतो की माणूस गांगरतो.

इंटर्नला रिझोल्यूशन, म्हणजे नकाशाचा एकेक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर केवढा भरतो, ते समजावायचं होतं. त्याच्या घरी शिरूरकडे शेती आहे, म्हणून सरळ गुंठ्यात सांगितलं. १० मीटरचा पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास १ गुंठा. लँडसॅटचा ३० मीटरवाला ९ गुंठे. कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाचा १०० मीटरवाला अडीच एकर. युरोपियन स्पेस एजन्सीचा जुना सीसीआय लँड कव्हर (जमिनीवर काय पसरलंय त्याचा नकाशा) ३०० मीटरचा, तो २२ एकर. आणि मोडिस या नासाच्या उपग्रहांवरच्या कॅमेऱ्याचा, ज्याला सगळे ५०० मीटर म्हणतात तो खरं तर ४६३ मीटरचा भरतो, तरी एकेक पिक्सेल ५३ एकराचा. पोरगं म्हणे, "ताई, ५३ एकरात आमची अर्धी वाडी येते की." तेच तर. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटर आहे, मोडिसमध्ये ते जेमतेम २४ पिक्सेलचं होतं आणि १० मीटरमध्ये ५१ हजारांच्या वर. चिंकारासाठी राखलेली जागा २४ ठिपक्यांत बघायची म्हणजे अवघडच आहे.

पण जाड पिक्सेलला नावं ठेवून चालत नाही. सीसीआय १९९२ पासून आहे, मोडिसचा लँड कव्हर २००१ पासून, १० मीटरवाले सगळे २०१५ नंतरचे, कारण सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रहच जून २०१५ मध्ये वर गेला. बारीक बघायचं तर मागे जाता येत नाही, मागे जायचं तर बारीक दिसत नाही.

७ जानेवारी, मंगळवार

ईएसए (युरोपियन स्पेस एजन्सी) चं वर्ल्डकव्हर उतरवलं. १० मीटर, ११ वर्ग, सेंटिनेल-१ (रडार) आणि सेंटिनेल-२ (फोटो) दोन्ही वापरून केलेलं, २०२० आणि २०२१ अशी दोनच वर्षं. फाइली ३ अंश बाय ३ अंशाच्या, नावात डाव्या खालच्या कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश. आपला बहुतेक जिल्हा एन१८ई०७२ मध्ये येतो, पण इंदापूर ७५ रेखांशाच्या पलीकडे सरकतं म्हणून शेजारची एन१८ई०७५ लागते, आणि दक्षिणेची बारीक पट्टी १८ अक्षांशाच्या खाली जाते म्हणून एन१५ई०७२ पण. एका जिल्ह्यासाठी इतक्या फाइली.

उघडल्यावर पहिली प्रतिक्रिया "वा". शेती गुलाबी, गवत पिवळं, झुडूप केशरी, उजनीचं पाणी निळं, सगळं छान दिसतं. मग सुप्यावर झूम केलं. अभयारण्यात पिवळं, केशरी आणि गुलाबी असं सगळं मिसळलेलं. आतमध्ये गुलाबी म्हणजे शेती? तिथे कोण शेती करणार.

व्याख्या वाचल्यावर थोडा उलगडा झाला. झाडांचं आच्छादन १० टक्के किंवा जास्त की तो वर्ग "ट्री कव्हर", मग खाली गुडघाभर गवत असू दे. म्हणजे हिवर आणि बाभळी विखुरलेला माळ कधी झाडांत जातो, कधी झुडपांत, कधी गवतात, पिक्सेल कुठे पडला त्यावर. एकूण अचूकता २०२० च्या आवृत्तीला ७४.४ टक्के आणि २०२१ च्या आवृत्तीला ७६.७ टक्के दिलीय, पण ती सगळ्या जगाची, सगळ्या वर्गांची मिळून. वाळवंट आणि घनदाट जंगल ओळखणं सोपं, त्यांनी सरासरी वर जाते. झुडपांचा वर्ग त्यांच्या स्वतःच्या तपासणीतच कच्चा निघालाय.

आणि अजून एक, २०२० आणि २०२१ एकमेकांतून वजा करायचे नाहीत. दोन्हीचं अल्गोरिदम वेगळं आहे, त्यामुळे फरक दिसला तर तो जमिनीतला की कोडमधला हे सांगता येत नाही. हे त्यांनीच लिहून ठेवलंय, तरी लोक दोन नकाशे शेजारी ठेवून "एका वर्षात एवढं गवत गेलं" असं सांगत सुटतात.

९ जानेवारी, गुरुवार

डायनॅमिक वर्ल्ड. गूगल आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचं, १० मीटर, ९ वर्ग, आणि हे वर्षाला एक असं नाही, सेंटिनेल-२ ची जवळपास प्रत्येक बरी इमेज आली की तिचा नकाशा. गूगलच्या अर्थ इंजिनवर (उपग्रहांचा डेटा ऑनलाइनच हाताळायची सोय) आहे, त्यामुळे डाउनलोडची कटकट नाही. यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे नुसतं लेबल देत नाहीत, प्रत्येक पिक्सेलला नऊच्या नऊ वर्गांची प्रोबॅबिलिटी देतात. गवत ०.३५, झुडूप ०.३३, शेती ०.२० असं असेल तर लेबल "गवत" लागतं पण खरं तर मशीनला काही कळलेलं नाहीये, आणि ते आपल्याला दिसतं. ही प्रामाणिक पद्धत मला आवडली.

मोरगावजवळच्या एका ओळखीच्या माळाचा वर्षभराचा हिशोब काढून बघितला. ऑक्टोबरात गवत आणि शेती यांच्यात रस्सीखेच, जानेवारीपासून झुडूप पुढे, एप्रिल-मेमध्ये झुडूप आणि उघडी जमीन. एकच तुकडा, वर्षात चार सोंगं. जून ते सप्टेंबर तर जवळजवळ काहीच नाही, कारण ३५ टक्क्यांपेक्षा जास्त ढग असलेली इमेज ते घेतच नाहीत आणि आपल्याकडे पावसाळ्यात त्यापेक्षा कमी ढगांची मिळते कधी. हा मुद्दा नीट बघायला हवा, याच्यावर वेगळं बसते.

एस्री या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीचा वार्षिक १० मीटरवाला पण आहे, २०१७ पासून. त्यात गवत आणि झुडूप मिळून एकच "रेंजलँड" केलंय. आधी हसू आलं, पण विचार केला तर आपल्याकडच्या माळासाठी ते फार चुकीचं पण नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

मोडिसची गंमत. एनडीव्हीआय (हिरवाईचा आकडा, जितका जास्त तितकं हिरवं) ची १६ दिवसांची मालिका हवी होती, प्रॉडक्टचं नाव एमओडी१३क्यू१, पिक्सेल म्हणतात २५० मीटर, भरतो २३२. मोडिसच्या टाइल, म्हणजे नकाशाचे तुकडे, सायनुसॉइडल प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट मांडायची एक रीत), आडव्या (एच) आणि उभ्या (व्ही) नंबरांच्या. पुणं कुठल्या टाइलमध्ये असं इंटर्नने विचारलं आणि मी हिशोब करून बघितला तर शहराच्या मधूनच रेघ जाते. कोथरूड एच२४व्ही०७ मध्ये आणि शिवाजीनगर एच२५व्ही०७ मध्ये! रेखांश साधारण ७३.८२, वेताळ टेकडीच्या आसपास. रेघ तिरकी आहे, उत्तरेला पूर्वेकडे झुकत जाते, त्यामुळे जुन्नर एच२४ मध्ये आणि बारामती एच२५ मध्ये. कर्वे रोडचा ट्रॅफिक ओलांडणं परवडलं, ही टाइल ओलांडायची म्हणजे दोन फाइली मोझेइक करा (जोडा), रीप्रोजेक्ट करा (प्रोजेक्शन बदला), मग कापा.

यातून सुटका म्हणजे नासाची वेबसाइट अ‍ॅपिअर्स. अर्थडेटाचं फुकट लॉगिन करायचं, आपले पॉइंट किंवा पॉलिगॉन द्यायचे, प्रॉडक्ट आणि तारखा निवडायच्या, टाइलचं जोडकाम तेच करतात आणि सरळ सीएसव्ही (आकड्यांचा तक्ता) येते. ज्याला कोडिंग जमत नाही त्यानेही हे नक्की वापरावं. फक्त दोन गोष्टी बघायच्या, आकडे ०.०००१ ने गुणलेलेच आलेत की आपण गुणायचेत ते, आणि पिक्सेल रिलायबिलिटीचा रकाना टाकून द्यायचा नाही. त्यात ० म्हणजे चांगला, १ म्हणजे बरा, ३ म्हणजे ढग. जुलै-ऑगस्टमध्ये तिनाची रांगच रांग दिसते.

१३ जानेवारी, सोमवार

आज भोगी, ऑफिसमध्ये निम्मे लोक लवकर गेले, मी डबा खाऊन जंगलांच्या डेटाकडे वळले. आपलं काम गवताचं असलं तरी मीटिंगमध्ये कोणीतरी "फॉरेस्ट कव्हर" काढणारच.

मेरीलँड विद्यापीठाचा ग्लोबल फॉरेस्ट चेंज, ३० मीटर, २००० पासून, २०१३ मध्ये पहिल्यांदा आला आणि दरवर्षी वाढवतात. यात ५ मीटरपेक्षा उंच वनस्पती म्हणजे झाड, मग ते नैसर्गिक जंगल असो, निलगिरी असो की आंब्याची बाग. आपल्या फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाचं गणित निराळं, १ हेक्टरपेक्षा मोठी आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त छत्र असलेली कुठलीही जमीन, मालकी कोणाची आणि झाड कुठलं हे बघत नाहीत. १० टक्क्यांच्या खाली गेलं की "स्क्रब". त्यांचा २०२३ चा रिपोर्ट गेल्याच महिन्यात आलाय. दोन आकडे वेगळे आले की लोक लगेच कोणीतरी खोटं बोलतंय म्हणतात, पण खोटं कोणी बोलत नाही, दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतायत.

माझी खरी चिडचिड वेगळी आहे. या सगळ्या पद्धतींमध्ये झाड वाढलं की हिरवं वाढलं, हिरवं वाढलं की चांगलं झालं. माळावर खड्डे खणून रोपं लावली तर आकडा सुधारतो. आपल्या वेताळ टेकडीवरची गिरिपुष्पाची लागवड बघा, उपग्रहाला ते झाडच. खाली पूर्वी कुठलं गवत होतं आणि त्यात कोण राहायचं हे कुठल्याच लेयरमध्ये नाही. लांडगा, खोकड, तरस, धाविक, माळटिटवी यांना १० टक्के छत्र नकोच असतं.

१५ जानेवारी, बुधवार

तिळगुळाने ऑफिस गोड झालंय, आणि आज डेटाही गोड मिळाला.

एक, भारतातल्या निमशुष्क उघड्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा, एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांचा. गवताळ माळ, झुडपी सॅव्हाना, खडकाळ उघडीप असं सगळं मिळून देशाच्या जवळपास १० टक्के जमीन, म्हणजे ३ लाख चौरस किलोमीटरच्या वर. आणि यातली कितीतरी सरकारी दफ्तरात "पडीक" म्हणून बसलेली. आपल्या भागासाठी याच्या इतका जवळचा नकाशा दुसरा नाही, कारण करणाऱ्यांनी प्रश्नच माळाचा घेतला होता. बाकीचे जगभराचे नकाशे सगळंच ओळखायला निघतात आणि गवत उरलंसुरलं म्हणून टाकतात.

दोन, ग्लोबल पाश्चर वॉच, ३० मीटर, २००० ते २०२२ दरवर्षी, गवताचे दोन प्रकार वेगळे केलेत, लागवडीचं आणि नैसर्गिक किंवा अर्ध-नैसर्गिक. पेपर गेल्या महिन्यात आलाय, डेटा खुला आहे, अर्थ इंजिनवर पण आहे. यात पण लेबलसोबत प्रोबॅबिलिटी मिळते. बावीस-तेवीस वर्षं एकाच पद्धतीने केलेली असल्यामुळे बदल बघायला हा जास्त भरवशाचा.

दोन्ही एकावर एक टाकले. सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी या तिन्ही ठिकाणी दोघांचं बऱ्यापैकी जमतंय. भांडण आहे ते गावांच्या कडेने, जिथे शेत आणि माळ एकमेकांत घुसलेत. शनिवारी तिकडे जाऊनच बघायचं ठरलं.

१८ जानेवारी, शनिवार

पहाटे निघालो, सासवड, जेजुरी, मोरगाव करत सुप्याला. दिवे घाटात चहा. गाडीवाल्या काकांना आमचं काम काही पटलेलं नाही, "मॅडम, रिकामा माळ बघायला एवढं डिझेल?"

फोनवर क्यूफील्ड (जागेवर नोंदी घ्यायचं नकाशाचं अॅप), त्यात आधीच टाकलेले पॉइंट, विशेषतः जिथे नकाशांची भांडणं आहेत ते. प्रत्येक ठिकाणी चार दिशांना फोटो, एक पायाशी, गवताची उंची, झाडं अंदाजे किती, नांगरट झालेली दिसते का, चराई आहे का. इंटर्न गवतं ओळखायला शिकतोय, कुसळी लगेच कळते, पँटला चिकटून स्वतःच ओळख देते, मारवेलच्या तुऱ्याला बोटांसारखे फाटे असतात ते त्याला दाखवले.

वर्ल्डकव्हरने शेती म्हटलेला एक तुकडा प्रत्यक्षात हिवराची तुरळक झाडं असलेला स्वच्छ माळ निघाला. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर दुसरा तुकडा, तिन्ही नकाशांत गवत. लांबून बघितलं तर दोन्ही सारखेच, पिवळे, गुडघ्याच्या खाली. पण दुसऱ्यात बसून बघितलं तर गवताखाली समांतर सऱ्या लागतात हाताला, एका बाजूला मोडका बांध, आणि गवत कमी, तरोटा आणि गाजरगवतच जास्त. शेत आहे ते, पड टाकलेलं.

तिथे एक धनगर आजोबा भेटले, मोठा कळप पोरांबरोबर कोकणात गेलेला, हे मागे राहून थोडी शेरडं सांभाळतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई, ह्यात चार-पाच सालामागं हुलगा केल्ता, पानी न्हाई म्हून दिला टाकून. त्यो पल्याडला माळ हाय ना, त्याला माझ्या बापाच्या वखतापास्नं कुनी नांगर लावल्याला न्हाई." मग काठीने दाखवत गेले, हा नांगरलेला, तो नाही, इथे पोकलेन लावून सपाट केलं, तिथे पाझर तलावाची माती काढली. मी पॉइंट टाकत गेले. नांगरलेली पड आणि कधीच न नांगरलेला माळ हा फरक आपल्या सगळ्या कामाचा कणा आहे आणि तो एकाही जागतिक नकाशाच्या वर्गांत नाही. सगळ्यांना ते "हर्बेशियस" आहे, म्हणजे लाकूड नसलेली गवतासारखी वनस्पती.

चिंकारा दिसले, लांब. काकांनीच आधी बघितले.

२० जानेवारी, सोमवार

शनिवारच्या पॉइंटांची एनडीव्हीआय मालिका काढली, आणि ९ तारखेला मनात राहिलेली गोष्ट आज कागदावर आली.

माळाची वर्षाची चाल अशी, मेमध्ये ०.२ च्या आसपास, जूनच्या पावसानंतर चढायला लागतो, ऑगस्ट-सप्टेंबरात ०.५ च्या वर, ऑक्टोबरात पाऊस थांबला की झरझर खाली, डिसेंबरात परत पिवळा. एकच उंचवटा. रब्बी ज्वारीचं रान उलटं, पावसाळ्यात मोकळं ठेवलेलं, मग उंचवटा डिसेंबर-जानेवारीत. ऊस तर वर्षभर वरच, तोडणीला एकदा धाडकन खाली. म्हणजे नुसत्या चालीवरून तिघांना वेगळं करता येतं, रंगावरून नाही. एका तारखेच्या इमेजमध्ये जानेवारीतला माळ आणि नुकतं काढलेलं बाजरीचं रान यांच्यात उपग्रहाला काय फरक दिसणार.

आणि गोची इथेच आहे. गवत हिरवं असतं तेव्हाच वर ढग असतात, ढग हटतात तोवर गवत वाळायला लागतं. जे नकाशे ढग नसलेल्या इमेजवर चालतात ते आपला माळ बहुतेक वेळा वाळलेलाच बघतात. युरोपातलं कुरण उन्हाळ्यात हिरवं आणि आकाशही बऱ्यापैकी मोकळं, तिथे शिकलेलं मॉडेल इथे आलं की वाळक्या माळाला झुडूप किंवा उघडी जमीन म्हणणारच. मुद्दाम कोणी केलेलं नाही, पण माळ कमी दिसतो याचं बरंचसं कारण मला तरी हेच वाटतं.

उपाय दोन. मोडिस रोज येतो, १६ दिवसांत एखादा मोकळा क्षण सापडतो, त्यामुळे चाल त्याच्याकडून घ्यायची, जागा सेंटिनेलकडून. दुसरा म्हणजे रडार, सेंटिनेल-१, त्याला ढगांचं काही नाही. गवताची हिरवाई रडारला फार कळत नाही, पण नांगरट कळते, कारण जमिनीचा खडबडीतपणा एकदम बदलतो आणि परतीचा सिग्नल उडी मारतो. कधीच न नांगरलेल्या माळावर अशी उडी येऊ नये. मधेच पाऊस पडून माती ओली झाली तरी सिग्नल वाढतो, म्हणून पावसाच्या तारखा शेजारी ठेवायच्या, त्यासाठी चिर्प्स नावाचा पावसाच्या आकड्यांचा संच घेतला, १९८१ पासून आहे आणि ०.०५ अंशाचा, तालुक्यापुरतं भागतं. एक उपग्रह १२ दिवसांनी परत त्याच जागी येतो, सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला, १सी गेल्याच महिन्यात वर गेलाय, त्याचा डेटा नियमित यायला लागला की बघू.

आजोबांनी दाखवलेल्या हुलग्याच्या तुकड्यावर जुनं लँडसॅट लावून बघितलं. जानेवारी-फेब्रुवारीच्या इमेजा वर्षामागून वर्ष सरकवल्या तर नांगरलेला चौकोन स्पष्ट येतो, मग पुढे पुसट होत जातो. पलीकडचा माळ कुठल्याच वर्षी चौकोनी होत नाही. म्हातारबाबांचा हिशोब चोख.

२२ जानेवारी, बुधवार

इंटर्नने सेंटिनेल-२ चा आलेख आणला, २०२२ सुरू होताच सगळीकडे एनडीव्हीआय खाली. त्याने दुष्काळ वगैरे शोधायला सुरुवात पण केली होती. दुष्काळ नाही, २५ जानेवारी २०२२ पासून प्रोसेसिंग बदललं आणि प्रत्येक बँडच्या (रंगपट्ट्याच्या) आकड्यात १००० ची भर पडते, एनडीव्हीआय म्हणजे अवरक्त आणि लाल बँडची वजाबाकी भागिले बेरीज, दोन्हींत सारखी भर पडली की भागाकारातला छेद फुगतो आणि एनडीव्हीआय घसरतो. अर्थ इंजिनवर नावात "हार्मोनाइज्ड" असलेलं कलेक्शन घेतलं की ते जमवून दिलेलं असतं. बदलून बघितलं, दुष्काळ गेला.

२४ जानेवारी, शुक्रवार

परिसंस्थांच्या नकाशांवर एक दिवस. लँड कव्हर म्हणजे वर काय पसरलंय, परिसंस्था म्हणजे त्याच्या मागे हवामान, माती, चराई, आग असं सगळं, त्यामुळे इथे नकाशे अजून ढोबळ.

इकोरीजन्स २०१७ हा नकाशा, परिसंस्थांप्रमाणे जगाचे ८४६ तुकडे. जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची जंगलं, पूर्वेला "डेक्कन थॉर्न स्क्रब फॉरेस्ट्स", म्हणजे काटेरी झुडपी जंगल. आपला गवताळ माळ त्या जंगलाच्या नावाखालीच. सीमारेषा पण रेषा म्हणून घ्यायची नाही, ताम्हिणीतल्या धो धो पावसापासून इंदापूरच्या ५०० मिलिमीटरपर्यंत सगळं हळूहळू बदलत जातं.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचा आणि सोबत्यांचा जागतिक परिसंस्थांचा नकाशा, २५० मीटर, ४३१ प्रकार, हवामान, भूरूप आणि आच्छादन एकत्र करून. आयडिया चांगली, पण आच्छादन चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. रिपोर्टमध्ये एक पानभर चित्र म्हणून ठीक.

आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेची टायपॉलॉजी (परिसंस्थांची वर्गवारी) मात्र जमेल. २०२२ मध्ये नेचरमध्ये आली, बायोम (मोठे गट) आणि त्याखाली फंक्शनल ग्रुप (छोटे गट) अशी उतरंड, टी४ म्हणजे सॅव्हाना आणि गवताळ प्रदेश, शेती वेगळ्या टी७ मध्ये. नकाशे सूचक आहेत असं ते स्वतःच म्हणतात, त्यामुळे नकाशा नाही घ्यायचा, फक्त चौकट घ्यायची. आपल्या वर्गांना टी४ चा कोड लावला की उद्या आफ्रिकेतल्या कोणाशी तुलना करायची वेळ आली तर पंचाईत नाही. मॅडम खूश.

२८ जानेवारी, मंगळवार

इसरोच्या भुवनवरचा १:५०,००० चा भू-वापर नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये वेब सर्व्हिस म्हणून लावला. त्याच्यात ग्रास-ग्रेझिंग वेगळा वर्ग आहे पण आपल्या माळाचा बराचसा भाग स्क्रब म्हणून वेस्टलँडमध्ये. तुलना करायला ठेवला.

संध्याकाळी क्षेत्रफळाचा घोळ. दोघांचे आकडे जुळेनात, एक जण वेब मर्केटरमध्ये (ऑनलाइन नकाशांचं प्रोजेक्शन) मोजत होता. आपल्या अक्षांशावर त्यात क्षेत्रफळ सुमारे ११ टक्के फुगतं. पाच चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात अर्धा चौरस किलोमीटर फुकट. आता बोर्डावर लिहूनच ठेवलं, मोजायचं फक्त यूटीएम ४३ उत्तर या प्रोजेक्शनमध्ये, कोड ईपीएसजी ३२६४३.

३१ जानेवारी, शुक्रवार

मॅडमबरोबर बसून ठरवलं ते असं. सुरुवातीचा साचा उघड्या परिसंस्थांच्या नकाशाचा आणि पाश्चर वॉचचा, दोघं म्हणतात माळ तर तो पहिला उमेदवार. त्यावर मोडिसची चाल, एकच पावसाळी उंचवटा असेल तर पुढे. मग रडारची उडी आणि लँडसॅटचा इतिहास, नांगर लागलेला दिसला तर "पड" असा वेगळा वर्ग, माळातून बाहेर पण शेतीतही नाही. वर्ल्डकव्हर फक्त पाणी, वस्ती आणि घनदाट झाडी कापून काढायला, त्या तिन्हींत ते चांगलं आहे. डायनॅमिक वर्ल्ड दरवर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या प्रोबॅबिलिटीची सरासरी घेऊन, बदलाची घंटा म्हणून, लेबल वापरायचं नाही. जिथे एकमत होत नाही ते "शंकास्पद" म्हणूनच छापायचं. यावर थोडा वाद झाला, शंकास्पद बराच मोठा दिसेल आणि वाचणाऱ्याला वाटेल काम अर्धवट आहे. मॅडम म्हणाल्या, "वाटू दे, निदान कुठे जाऊन बघायचं ते तरी कळेल." मला पण तेच बरोबर वाटतं, नाहीतर ज्या पिवळ्या रंगावर आपलाच विश्वास नाही तो दुसऱ्याने सोलर पार्कच्या फाइलला जोडायचा.

वर्ल्डकव्हर आणि डायनॅमिक वर्ल्ड दोन्ही सीसी बाय ४.० मध्ये आहेत, श्रेय दिलं की झालं, बाकीच्यांचे लायसन्स इंटर्न तपासतोय.

राहिलंय ते, इंदापूरकडचे पॉइंट झालेले नाहीत, रडारचा उंबरठा किती धरायचा, म्हणजे केवढ्या उडीला नांगरट मानायची, ते त्या पॉइंटांवरूनच ठरेल, आणि ऑक्टोबरात गवत तुऱ्यावर असताना सगळी फेरी परत मारायची. कडबनवाडीला पुढच्या आठवड्यात जातोय, तिथे वनखात्याची ग्रासलँड सफारी आहे म्हणून परवानगीचं आधी विचारून ठेवलंय. काकांना गाडी सांगितली, त्यांनी डिझेलचं परत ऐकवलं. इंटर्नला सांगितलंय जाड पँट आणि बूट घालून ये, मागच्या वेळी परतीचा निम्मा रस्ता तो पायमोज्यातली कुसळं उपटत बसला होता.